जिथनं नेलं तिथं

अक्काला रस्ता ओलांडायची भीती वाटायची. सांगलीच्या स्टँडबाहेर ती पदर सावरत उभी राहायची आणि आमच्यातल्या एखाद्या पोराला म्हणायची, "मला जरा पलीकडं सोड की. गाड्या लय जोरात येत्यात." एवढी उंच, धिप्पाड बाई; आम्हाला हसू यायचं. पण कुणीतरी हात धरून तिला नेऊन सोडायचंच. आम्ही स्टँडवर राहणारी पोरं. कुणी हात धरला की हिसडा मारून पळायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. इथं मात्र आमचा हात कुणाला तरी हवा होता. ती कवठे महांकाळकडच्या मेंढपाळांच्या घरातली, आणि लहानपणी अख्खा कळप हमरस्त्यापलीकडे न्यायची, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्यासारख्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती होती. संस्थेची बाकीची माणसं बिस्किटं घेऊन यायची आणि नाव, गाव, आईबाप विचारायची. आम्ही बिस्किटं खाऊन खोटी नावं सांगायचो. अक्का काही विचारायची नाही. तिची स्वतःचीच कामं निघालेली असायची. "दळणाला चाललोय. येताय का सोबतीला?" मग आम्ही गिरणीत जायचो, चप्पल शिवून घ्यायचो, मंडईत मिरच्या निवडायचो. परतताना कृष्णेच्या घाटावर बसून भडंग खायचं. गिरणीवाला आमच्याकडे संशयानं बघायला लागला की ती म्हणायची, "माझी माणसं हायत ती. पीठ सांडलं तर मला बोल." तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी माझं खरं नाव तिला आपणहून सांगितलं. "बरं," एवढंच ती म्हणाली आणि भडंगाचा पुडा माझ्यापुढे सरकवला.

तिचा एकच नियम होता. दिवस मावळायच्या आत ज्याला त्याला परत आणून सोडायचं. "जिथनं नेलं तिथं," असं ती बोट दाखवून म्हणायची. कुणी संस्थेत राहायला यायचं म्हटलं तरी आधी परत, मग दुसऱ्या दिवशी बोलणं.

या नियमावर भरवसा ठेवायला सगळ्यांत जास्त वेळ लावला तो शबानानं. शबाना माझ्याच वयाची, दहा-अकरा वर्षांची. आम्ही दोघी एका चादरीत झोपायचो. कितीतरी दिवस ती आमच्यामागून लांब अंतर ठेवून चालायची, गिरणीच्या बाहेरच थांबायची. अक्का तिला कधी बोलवायची नाही, फक्त भडंगाचा एक पुडा जास्त घ्यायची आणि कट्ट्यावर ठेवायची. एके दिवशी शबाना सरळ आत आली आणि तिनं पिठाचा डबा उचलून डोक्यावर घेतला. "मान दुखली तर मला शिव्या देऊ नगंस," अक्का म्हणाली. शबाना पहिल्यांदा तिच्यापुढे हसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या चुलत्यानं मला नवा फ्रॉक आणि बांगड्या आणल्या. तोही स्टँडवरच असायचा आणि आईच्या मागं मी त्याच्याच ताब्यात होते. एक अनोळखी माणूस मला बघून गेला. "परवा ह्यांच्यासंगं जायचं," चुलता म्हणाला. कुठं, ते सांगितलं नाही. मी हे दुसऱ्या दिवशी गिरणीत अक्काच्या कानात सांगितलं. तिचा हात पिठातच थांबला.

त्या संध्याकाळी तिनं सगळ्यांना स्टँडवर सोडलं; मला सोडलं नाही. मला रिक्षात बसवून ती स्वतः शेजारी बसली. शबाना रिक्षामागं धावत होती. "ए, तिला कुठं नेतीस? खोटारडी! तू खोटारडी हायस!" अक्कानं मागं वळून पाहिलं नाही. चुलत्याला पत्ता लागू नये म्हणून बालकल्याण समितीनं मला साताऱ्याच्या बालगृहात पाठवलं. मी शाळा शिकले, नर्स झाले. अक्का मला भेटायला एसटीनं यायची, परवानगी काढून बाजारात न्यायची. मी शबानाचं विचारलं की ती "हाय बरी" म्हणायची आणि भाजीवाल्याशी बोलायला लागायची.

मला नोकरी लागली तेव्हा तिनं खरं सांगितलं. त्या दिवसानंतर एकही पोर तिच्यासोबत गेलं नाही. शबाना त्याच आठवड्यात स्टँडवरून नाहीशी झाली. अक्का मिरजेच्या फलाटांवर महिनोन् महिने तिला शोधत हिंडली.

"तू मला वाचवलंस, अक्का," मी म्हणाले.

"तुला न्यायलाच पायजे हुतं. पर तिला दोन शब्द सांगायचं हुतं गं. ल्हान हाय, बोलून बसंल, म्हणून गप बसलो. तिला काय वाटलं असंल? तिच्या जिवाभावाची पोरगी मी पळवली." मग ती पदरानं तोंड पुसत राहिली. मी नोकरी लागल्याचे पेढे घेऊन गेले होते. तो बॉक्स फोडायचं धाडस मला झालं नाही. माझ्या वाट्याला जे आलं, ते शबानाच्या वाट्याचं काढून आलं, असं तेव्हापासून वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात अक्का भावाकडे, गावी अंथरुणाला खिळली होती. मी गेले तेव्हा ताप चढलेला होता. मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. तिनं डोळे किलकिले केले आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"शबाना? आलीस व्हय गं? अजून रागात हायस?"

मी नर्स आहे. तापातल्या माणसाला भानावर आणायचं असतं, हे मला माहीत आहे. तरी मी म्हणाले, "न्हाई अक्का. राग न्हाई."

तिची पकड सैल झाली. दोन दिवसांनी ती गेली.

शबानाच्या वतीनं माफ करायचा अधिकार मला कुणी दिला होता? अक्काचे दिवस उरकून साताऱ्याला परत येताना मिरजेला गाडी बराच वेळ थांबली. फलाटावरच्या नळाला माझ्या वयाच्या दोन-तीन बायका पाणी भरत होत्या. गाडी हलेपर्यंत मी त्यांचे चेहरे बघत राहिले.