किनवटजवळच्या गावातला हंगामाचा सण आणि एक म्हैस

सुनीता लातूरला माझ्या शेजारी राहते, दवाखान्यात नर्स आहे. "आमच्या गावी हंगामाचा सण असतोय, येतेस का?" तिनं विचारलं आणि मी पिशवी भरली. सुनीता ख्रिस्ती, आम्ही लिंगायत; त्यांचा सण कधी पाहिला नव्हता. शिवाय किनवटचं जंगल बघायची हौस होतीच.

लातूरहून अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेड गाठलं. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला झळ नाही. स्टेशनबाहेर गरम भजी खाऊन आदिलाबादकडे जाणारी रेल्वे धरली. भोकर मागे पडलं की हळूहळू सागाची झाडं दिसू लागतात. किनवटहून पुढे शेअर जीप आहे, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. जाणार असाल तर सकाळीच पोचा.

जीपमध्ये सुनीतानं हळू आवाजात सांगितलं. काही वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ योसेफ मोटारसायकलवरून घरी येत होता. गावातल्याच एका माणसानं दारूच्या नशेत ट्रॅक्टर अंगावर घातला. योसेफ जागीच गेला. तो माणूस तुरुंगात आहे. "त्याची बायको कविता गावातच राहती. दिसली तरी बोलू नकोस," ती म्हणाली.

रविवारी चर्चमध्ये वेदीपुढे सोयाबीनची पोती, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या. देवानं पिकवलं म्हणून हंगामातला पहिला वाटा त्याला द्यायचा आणि प्रार्थना झाली की अंगणात लिलाव, अशी रीत. लिलाव रंगात आला असताना सुनीताची आई, शांतामावशी, म्हैस घेऊन आल्या. त्यांची एकुलती एक, नुकतीच व्यालेली, मागे रेडकू.

पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, बोली पुकारायला हात वर केला.

"हिचा लिलाव न्हाई करायचा," मावशी म्हणाल्या. "ही कविताच्या दारात बांधायची हाय."

पाळकांचा हात खाली आला. सुनीतानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"आई, तू काय करून राहिलीस? तिच्या नवऱ्यानं योसेफला मारलंय."

"मला ठाऊक हाय."

दावं धरून मावशी निघाल्या, मागोमाग आम्ही. कवितानं आम्हाला येताना पाहिलं आणि दार लावून घेतलं. भांडायला आलो असं वाटलं असणार. मावशींनी दारातल्या लिंबाला म्हैस बांधली.

"मावशी, कशापायी?" दाराआडून आवाज आला.

"तुझ्या लेकरायला दूध लागतंय. तुला गावात कुणी कामाला बोलवंना, मला दिसतंय."

संध्याकाळी चुलीपुढे भाकरी खाताना न राहवून विचारलं, "मावशी, राग येत नाही?"

"येतोय की. लई येतोय. रोज येतोय." त्यांनी भाकरी उलथली. "पण मी तरी कुठं चांगली होते? तसल्या माझ्यासाठी देवानं त्याचा लेक क्रुसावर दिला. म्या म्हस दिली. बरोबरी हुते का?"

परतीच्या गाडीत सुनीता खिडकीबाहेर बघत होती. नांदेड यायच्या आधी एकदाच म्हणाली, "मला जमणार न्हाई." मी तिचा हात धरला. मलाही जमलं नसतं.

लातूरला येऊन फोटो लावायला बसले, तर सगळे सागाचेच निघाले. अंगणात मोबाईल काढायचं भानच राहिलं नव्हतं. आमच्याकडेही दानधर्म होतो, मी वाढलेच त्यात. पण ज्याच्यामुळे आपलं घर मोडलं, त्याच्याच दारात जाऊन देणं मी पाहिलं नव्हतं. तो धक्का अजून ओसरलेला नाही.

परवा सुनीता घरी आली आणि तिनं गावची बातमी सांगितली. शिक्षा संपवून कविताचा नवरा सुटला आणि थेट मावशींच्या दारात येऊन उभा राहिला. मान खाली. मावशी म्हणाल्या, "धारेला उजव्या अंगानं बसत जा. डावीकडून लाथ मारती ती."

सांगताना सुनीता रडत होती. रागानं की कशानं, मी विचारलं नाही.