पेशकार आणि चुकीच्या दाराचा रॅम्प

शाळेचा रॅम्प मी चुकीच्या दाराला बांधला. सातवीचा वर्ग इमारतीच्या डाव्या टोकाला, तीन पायऱ्या चढून. आणि रॅम्प चढायचा तो थेट उजव्या टोकाच्या माझ्या ऑफिसात. दिव्यांग मुलांना गावच्याच शाळेत, बरोबरीच्या मुलांमध्ये बसवायचं, असा राज्याचा नवा हुकूम आमच्या सीमेपलीकडच्या, तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूरकडच्या मराठी शाळेपर्यंत पोचला होता. हुकमासोबत एक ॲप आलं. ॲपला रॅम्पचा फोटो हवा होता आणि फोटोत शाळेच्या नावाची पाटी दिसायला हवी होती. पाटी माझ्या ऑफिसावर. आता पाटी हलवायची की रॅम्प? मी मुख्याध्यापक माणूस. सरकारी पाटीला हात लावायची माझी छाती नाही. फोटो मात्र इतका सुरेख आला की वरून मोबाइलवर उभा अंगठा आला.

त्या अंगठ्याकडे मी कौतुकाने पाहत असतानाच पेशकार आले. उंच, वाळके, खांद्यावर टॉवेल आणि हातात काळी छत्री. ती छत्री मी कधी उघडलेली पाहिली नाही. ती बोट दाखवायला होती. आधी तिने रॅम्प दाखवला, मग सातवीच्या पायऱ्या, मग मला.

“हेडमास्तर, पांगळं कोन हाय? आमची पोट्टी का तुमी?”

पोट्टी म्हणजे कावेरी, त्यांच्या बहिणीची मुलगी. तिचे पाय जन्मापासून बळ धरत नव्हते. लहान होती तोवर आई तिला कडेवर आणून वर्गात बसवायची. आता ती बारा वर्षांची झाली होती, आईला उचलवत नव्हती. चाकाची खुर्ची मिळाली होती, पण खुर्ची पायऱ्या चढत नाही. खुर्ची वर्गात गेली तर पोरगी शिकणार, नाही तर आई कापूस वेचून येईपर्यंत घरात एकटी बसणार. इतकी सरळ गोष्ट होती आणि गावात फक्त मलाच ती गुंतागुंतीची वाटत होती.

मला तो माणूस आवडत नव्हता, हे सांगून टाकतो. तहसीलमधून पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे कारकून, म्हणून निवृत्त झाले आणि गावाने त्यांचं नाव विसरून हुद्दाच ठेवला. निजाम गेला, पण त्याची उर्दू तहसीलच्या कपाटांत राहिली होती आणि तिथून ती यांच्या तोंडात शिरली होती. नमस्कार त्यांनी कधी कुणाला केला नाही. भेटले की पहिलं वाक्य आरोपाचं. रस्त्यात, लग्नात, एकदा तर मी न्हाव्याकडे अर्धी दाढी घेऊन बसलेलो असताना, दारातून छत्री आत आली आणि मागून आवाज आला, “हुकूम आला. तामील कुठं हाय?” तामील म्हणजे अंमलबजावणी. न्हाव्याचा वस्तरा घसरला. ती खूण अजून माझ्या हनुवटीवर आहे.

मग मी माझी हुशारी काढली. म्हटलं, “पेशकारसाहेब, नियमात घरी शिकवायचीही सोय आहे. आठवड्यातून एकदा शिक्षक येईल. कायद्यात बसतं ते.”

“कायद्यात बसते,” ते म्हणाले. “पोट्टी कुठं बसते ते सांगा.”

मी घड्याळ पाहिलं. मुख्याध्यापकाने घड्याळ पाहिलं की भलेभले पालक उठतात. पेशकार बसले आणि सुपारी कातरायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कावेरीची खुर्ची ढकलत रॅम्पवरून थेट माझ्या ऑफिसात आले. तिची खुर्ची माझ्या टेबलाशी लावली आणि म्हणाले, “रॅम्प इथवर हाय, तं शाळा बी इथवरच. बरोबरीची पोरं बोलवा.”

“अहो, हे ऑफिस आहे!”

“मंग तुमी जा ना तिकडं, सातवीत. तुमाले पायऱ्या चढता येतात.”

मी हसलो. ते हसले नाहीत. प्रार्थना संपली आणि सातवीची पोरं दप्तरं घेऊन माझ्या ऑफिसात घुसली. त्यांना कुणी बोलावलं हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. जप्त केलेल्या भोवऱ्यांचा माझा खण पहिल्याच तासाला रिकामा झाला. मी सातवीच्या वर्गात, लहानशा बाकावर गुडघे हनुवटीला लावून हजेऱ्या तपासत बसलो. गावातून कुणी दाखला मागायला आलं की ऑफिसातून कावेरीच ओरडायची, “सर तिकडं हाय, सातवीत!” दारूच्या दुकानासमोरचे रिकामटेकडे मला पास झाला का म्हणून विचारायला लागले.

हे असंच चालू असताना एक साहेब तपासणीला आले. रॅम्प पाहून खूश झाले, चढून वर गेले, तर आत सातवी अपूर्णांक करत होती. “हेडमास्टर साब कहाँ हैं?”

पेशकार दारातच होते. “सीढ़ी की प्रैक्टिस कर रहे हैं,” त्यांनी गंभीरपणे सांगितलं.

मी धावत आलो आणि ही तात्पुरती व्यवस्था असल्याचं सांगू लागलो. “खोटं बोलून राह्यले,” पेशकार मला मराठीत म्हणाले आणि तेच साहेबांना तेलुगूत सांगितलं. त्या भाषेत ते आणखी वाईट ऐकू आलं. मग छत्री साहेबांकडे वळली. “इनको अंगूठा किसने भेजा था? आप ही ने ना?” साहेबांनी घड्याळ पाहिलं. ही विद्या वरपासून खालपर्यंत एकच आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुसरा रॅम्प मंजूर झाला. या वेळी डाव्या टोकाला. गवंड्याला मापं मी दिली. झाल्यावर पेशकार म्हणाले, “मुआयना करू, तपासून पाहू. बसा खुर्चीत.” सगळी शाळा बघत होती, त्यामुळे कावेरीच्या खुर्चीत बसलो. त्यांनी मला वर नेलं, वळवलं आणि हात सोडला. मी दिलेल्या मापाचा उतार मला घेऊन जो सुटला तो हातपंपाजवळच्या चिखलात थांबला. पोरं नाचली. सगळ्यांत मोठ्याने कावेरी हसत होती. पेशकार सावकाश आले, माझा चष्मा चिखलातून काढला, खांद्यावरच्या टॉवेलने पुसून माझ्या नाकावर ठेवला आणि म्हणाले, “पोट्टी असती तं?” एवढंच. मी चिखलातूनच गवंड्याला हाक मारली. गवंड्याने रॅम्प लांब केला, बाजूला कठडा घातला. कावेरी स्वतःच्या हाताने चाकं फिरवत वर्गात गेली, त्या दिवशी पेशकार फाटकातूनच परत फिरले. आभार मानले नाहीत. “आता तामील,” असं छत्रीला सांगितल्यासारखं पुटपुटले.

कावेरी पुढे मोठ्या शाळेत गेली. आठवडा झाला नसेल, तिथल्या मुख्याध्यापकांचा मला फोन. “अहो सर, तो छत्रीवाला माणूस आवरायचा कसा?” मी म्हटलं, “आवरत नाही. रॅम्प बांधा. आणि खुर्चीत स्वतः बसू नका.” त्यांनी दोन्ही ऐकलं नसावं, कारण पुढच्या भेटीत त्यांचा चष्मा बदललेला दिसला.

यंदा कापूस निघायच्या सुमाराला पेशकार गेले. मी दुखवट्याला बसायला गेलो. त्यांच्या ओट्यावर त्यांनीच घातलेला शेणामातीचा उतार होता, चाकांच्या दोन रेघा पडलेला. आणि दाराशी खिळ्याला ती छत्री टांगलेली. मला एकदम वाटलं, आता ती कधीच माझ्याकडे वळणार नाही. आणि ज्या माणसाने माझं गावभर हसू केलं, त्याच्या ओट्यावर मी हमसून रडायला लागलो.

कावेरी खुर्ची फिरवत जवळ आली. कॉलेजात जाते आता. तिचे डोळे कोरडे होते. तिने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

“उगी राहा, सर,” ती म्हणाली. “इथं फोटो काढाले कोनी नाई.”