उसना खोकला

उकंडराव पहिल्यांदा जळगाव जामोदच्या पोस्टात शिरले, तेव्हा त्यांच्या खोकल्याने तिकिटं उडाली, पोस्टमास्तरांचा चष्मा नाकावरून सुटला आणि सातपुड्यातलं एखादं अस्वल 'कोणी हाक मारली?' म्हणत नक्कीच उठून बसलं असेल. साल १९६४. मी नवा कारकून; फोन जोडून देणं माझ्याकडे. हा माणूस माझ्याच टेबलावर प्राण सोडणार, या भीतीने मी पाण्याचा पेला घेऊन धावलो.

"मले काय धाड भरली?" ते म्हणाले. "हा पुंजाजीचा खोकला हाये. इसरू नये म्हणून आश्रमापासून खोकलत आलो. खामगाव लावून द्या, बाबूजी."

गावाबाहेर निराधार म्हाताऱ्यांचा आश्रम होता. तिथल्या चौदा जीवांचे स्वयंपाकी, न्हावी आणि नर्स एकटे उकंडराव. डॉक्टर नारायणराव खामगावला. आश्रमात महिन्यातून एकदाच येत. एरवी दुखणं फोनवरून जाई आणि दुसऱ्या दिवशी औषध एस.टी.च्या कंडक्टरबरोबर येई. डॉक्टरांना रोगी दिसत नसे, म्हणून उकंडराव स्वतःच रोगी होत. तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलमध्ये दोघांचा खोकला, एकाची उचकी आणि जनकाबाईंचं कण्हणं, सगळं अस्सल. एकदा तुळशीरामचा गुडघा वाजतो हे ऐकवायला त्यांनी फोनपाशी तुरीची वाळकी काडी, तुराटी, मोडली, तर पलीकडून डॉक्टर ओरडले, "अहो, हाड मोडलं की काय!"

पोस्टकार्ड घ्यायला आलेले लोक तासभर रेंगाळत. "आज कोणाचं दुखणं, भाऊ?"

"तुयाच सासऱ्याचं. बस खाली."

माझ्या घरीही आता फोन आहे. पण त्यावर दुसऱ्यासाठी इतक्या मनापासून खोकणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

एका सकाळी ते सोजराबाईंचा दमा घेऊन आले. सोजराबाईंच्या नवऱ्याला पूर्वी मोटारीत घालून खामगावला नेलं होतं आणि परत आणलं ते चादर ओढूनच. म्हणून म्हातारीने उकंडरावांचा हात हातात घेऊन वचन घेतलं होतं : "मरीन त इथंच मरीन. मले मोटरीत बसवू नको."

उकंडरावांनी फोन कानाला लावला आणि दोनदा धापा टाकल्या. हलक्याच, जिना चढून आल्यासारख्या.

"एवढंच? वाफ द्या, उद्या औषध पाठवतो," डॉक्टर म्हणाले.

फोन ठेवला, पण उकंडराव बाकावरून हलेनात.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाबूजी, दम कमी केला म्या."

"काऊन?" त्यांच्याबरोबर राहून माझीही जीभ वऱ्हाडी झाली होती.

"तिचा हाये तसा केला असता, त डाक्टर म्हणले असते, घेऊन या. अन् म्या त तिले वचन देलं."

पोस्टमास्तर शिक्का हातात धरून थांबले होते. उकंडरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"लावा बाबूजी, खामगाव."

या वेळी त्यांनी सोजराबाईंचा दम जसा होता तसा केला. खांदे वर चढले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, श्वास आत ओढताना शिट्टी वाजली आणि मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. दारातल्या कोणालाही हसू आलं नाही.

"उकंडराव, मिळेल त्या गाडीने घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "वेळ घालवू नका."

दुपारच्या एस.टी.त चौघांनी म्हातारीला उचलून चढवलं. उरल्यासुरल्या दमात ती एवढंच म्हणाली, "दगा देला रे, उकंडा."

सोजराबाई अठरा दिवसांनी बऱ्या होऊन परतल्या. त्यानंतर सात वर्षं जगल्या, आणि त्या सात वर्षांत उकंडरावांशी एक शब्दही बोलल्या नाहीत.