काखेतली खपली

शेवंताबाईच्या काखेत हरभऱ्याएवढी काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी. डॉक्टरांनी ती मला दाखवली. म्हणाले, “गवतातला बारीक किडा चावलाय. चावतो ते कळतही नाही.”

परसातलं गवत मीच तिच्याकडून कापून घेतलं होतं. दहाएक दिवसांनी ती म्हणाली होती, “ताई, अंगात ताप हाय, डोकं लई ठणकतंय. उद्या नाय आले तर चालंल का?” भाजी निवडता निवडता मी म्हणाले, “सणाच्या तोंडावरच बरा ताप येतो गं तुला!” ती भांडी घासायला बसली. चौथ्या दिवशी मोरीतच कोसळली.

डॉक्टर सांगत होते, की त्या किड्यातून अंगात शिरणारा जंतू मोठा चलाख असतो. शरीराच्या ज्या पहारेकरी पेशी त्याला गिळतात, त्यांच्याच आत तो बिऱ्हाड करतो. बाहेर त्याचा शोध चालू राहतो आणि तो आत वाढत राहतो.

योग्य गोळ्या सुरू झाल्यावर दोन दिवसांत तिचा ताप उतरला. मला पाहून उलट तीच ओशाळली. “तुमची कामं खोळंबली असतील ताई,” म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. तिच्या शरीराला फसवायला तो जंतू निदान लपून तरी बसला होता. शेवंताबाई मात्र रोज माझ्यासमोर उभी होती, आणि मी एकदाही तिच्या कपाळाला हात लावून पाहिला नव्हता.