आक्काचे दात

जेवणं उरकली आहेत आणि उत्खननाच्या टेकाडावरची खुरपी घटकाभर गप्प आहेत. राहुटीच्या कापडातून ऊन गाळून पिवळं खाली उतरतंय. डॉ. तुळशीराम नवले खाटेवर आडवे होतात, चष्मा उशाशी ठेवतात. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं स्वतःला बजावतात. थोड्या वेळात तालुक्याहून शिक्षक मंडळी येणार आहेत आणि त्यांच्यापुढे बोलायचं आहे: हजारो वर्षांपूर्वीचा माणूस जगला कसा? हे भाषण त्यांना तोंडपाठ आहे. माणसाला ना वाघाचा पंजा, ना हरणाचे पाय. माणूस जगला तो वाटून खाल्ल्यामुळे. या वाक्याला लोक हमखास टाळ्या देतात.

हाडं वाचणं हा नवल्यांचा आयुष्यभराचा उद्योग. काल या टेकाडात एका गोल घराच्या जमिनीखाली नऊ-दहा वर्षांच्या पोराचा सांगाडा लागला, आणि सकाळभर ते त्याचे दात ताटलीत मांडून भिंगाखाली बघत बसले होते. वाढत्या वयात पोटाला मिळालं नाही की दाताच्या कवचावर आडवी बारीक रेघ उमटते. माणूस मेल्यावरही ती पुसली जात नाही. या दातांवर तर रेघेवर रेघ होती. आता डोळे मिटले तरी त्या रेघा पापण्यांच्या आतल्या बाजूला दिसताहेत.

बाहेर कुणीतरी माती चाळतंय. खस्स, खस्स. मग चाळणीत खडे येतात, मग दगड. ठाक. ठाक. पुष्कळ हात एकदम खडी फोडताहेत.

"तुळशा, सरक की. सगळी खाट तुलाच लागती व्हय?"

या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. तो सरकतो. थोरली बहीण, कौतिकाआक्का, खाटेच्या काठावर टेकते. विटका परकर, केसांत दगडाचा पांढरा धुरळा. बहात्तरच्या दुष्काळात, रस्त्याच्या कामावर, हगवण लागून ती गेली तेव्हा होती तेवढीच आहे. त्याचे हात मात्र म्हाताऱ्याचे आहेत. तिला त्याचं काही नवल वाटत नाही.

"लई ऊन हाय," ती म्हणते. "चल घरी."

ती राहुटीचं कापड उचलून वाकते आणि दोघं त्या गोल घरात उभी असतात. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, मधोमध चूल. जमीन नुकतीच सारवलेली, अजून ओली. एका अंगाला मातीचा रांजण, दुसऱ्या अंगाला हरणाची शिंगं. पाठमोरी बसलेली एक बाई दगडावर दाणे भरडतेय. तिच्या फाटक्या लुगड्याला पाठीवर घातलेला दंड, तो शिवणीचा जोड, तो ओळखतो. आई आहे ती.

"इथं राहतेस तू?"

"मग कुठं? बरी माणसं हायेत. हुलगं पेरत्यात, सातू पेरत्यात. पाऊस गेला की बोरं येचायची, डबक्यातलं मासं धरायचं, हरणामागं पळायचं. तेबी न्हाई घावलं तर झाडाची साल." ती बोटानं रांजण वाजवते. "ह्याला तेवढा हात लावायचा न्हाई. बियाणं हाय. माणूस मेलं तरी बी ठिवायचं."

तुळशाला आतून बरं वाटतं, पाटीवरचं गणित जुळल्यासारखं. "तेच तर मी सांगतो, आक्का. एकमेकांना धरून राहिले, म्हणून जगले."

"कोण जगले?"

"हीच माणसं."

"मग तुझ्या ताटलीतले दात कुणाचे रं?"

तो रांजणाकडे बघतो.

"जगल्याली माणसंच सांगत्यात, आम्ही कसं जगलो ते," आक्का म्हणते. "मेल्यालं कधी भाषण करतंय का?"

चुलीपाशी आई भाकरी मोडते. सरकारी धान्याची, लाल मिलो ज्वारीची भाकरी. हाताला रंग लागणारी. मोठा तुकडा घेऊन तिचा हात मागे येतो. लांब होत होत येतो, घराच्या या टोकापर्यंत. तोंड ती वळवत नाही.

"हे तुळशाला. पोरीच्या जातीला काय हुतंय? ती तग धरती."

आवाजात दुष्टावा नाही. नुसता थकवा आहे, दिवसभर खडी फोडलेल्या बाईचा. तुळशाला तुकडा आक्कापुढे धरायचा आहे, पण हात रिकामा आहे आणि तोंड चावतंय. भाकरी गोड लागतेय. तो थांबू बघतो आणि त्याला थांबता येत नाही.

"मी पाच वर्षांचा होतो, आक्का," तो घास गिळून म्हणतो.

"मी कुठं म्हणलं, तू हिसकावलीस? तुला बियाण्यात धरलं हुतं. बियाण्याचा काय दोष!"

"आणि तुला?"

आक्का भरडायच्या दगडावर बोट फिरवते. चिकटलेलं पीठ चाटते. "मला खाणारात धरलं."

काहीतरी बोलायला हवं म्हणून तुळशा भाषणातलं बोलतो. "ही माणसं आपली पोरं घराच्या जमिनीखाली पुरायची. मायेनं. आईजवळ राहावीत म्हणून."

"व्हय. आन दुसऱ्या दिशी वरून सारवायची."

सारवलेली जमीन काळी पडत जाते. पायाला चटका बसतो. कूड नाही, छप्पर नाही. दोन्ही बाजूंना माळ पसरलाय आणि मधून डांबरी सडक सरळ गेलीय. एक एसटी येते, दोघांच्या अंगातून निघून जाते. खिडकीत आई बसलेली असते आणि दुसऱ्या बाजूला बघत असते. खरोखरीही ती तशीच बघायची. बाभळीखाली, कामाच्या कडेलाच आक्काला पुरलं होतं. पुढं रस्ता रुंद झाला आणि ती बाभळ गेली. त्यानंतर जन्मभर गाडी त्या वळणावर आली की आई पलीकडच्या खिडकीतून काहीतरी शोधायची.

"माझं घर लई मोठं," आक्का म्हणते. "वरून गाड्या जात्यात. खण की मला."

"सरकारी रस्ता आहे, आक्का. परवानगी मिळायची नाही."

ती हसते. हसता हसता वाकते. "लोकांची पोरं काढत फिरलास जन्मभर. त्यांची परवानगी कुणाकडनं घेतलीस?"

तुळशा गुडघ्यांवर बसतो. हातात माती झाडायचा मऊ कुंचला आहे. तो डांबर झाडू लागतो. कुंचल्याचे केस जळतात, वास सुटतो, डांबर कणभर हलत नाही.

"एक दात जरी मिळाला असता," तो म्हणतो. "एकच. मी वाचलं असतं तुला. नोंद केली असती."

"काय नोंदलं असतंस?"

"दीर्घकाळ उपासमार. नऊ-दहा वर्षांचं पोर."

"पोर? पोरगा का पोरगी?"

"एवढ्या लहान हाडांवरून ठरत नाही."

"मला ठरवता येतं," आक्का म्हणते. "घरातल्या दोन पोरांचे दात शेजारी मांडायचे. ज्याला रेघा जास्त, ती पोरगी."

एसटी लांब गेलीय, तरी तिचा आवाज हलत नाही. आक्का त्याच्यासमोर उकिडवी बसते आणि त्याचा हात धरते. खडीच्या ढिगाऱ्यांतून त्याला चालवत नेताना धरायची तसाच, जपून.

"दात पायजे ना तुला?"

ती त्याच्या मनगटाच्या वर, मऊ मांसात, दात रोवते. कचकचून. त्यात राग नाही. भूक आहे, निव्वळ भूक, चार घासांनी केव्हाच भागली असती ती. तुळशा ओरडत नाही. हात काढूनही घेत नाही. खा, तो मनात म्हणतो, खा आक्का, आणि त्या लहानशा जबड्याचा दाब वाढत वाढत हाडापर्यंत येतो.

"सर!"

राहुटीच्या दाराशी उजेड आहे आणि उजेडात त्यांची सहकारी हेमांगी ताम्हणे उभी आहे. "सर, मंडळी आली. खुर्च्या मांडल्यात. उठताय ना?"

नवले उठून बसतात. उजवा हात ठणकतोय. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, दोन लाल कमानी एकमेकींसमोर उमटल्या आहेत. अरुंद, मोठ्या माणसाच्या नव्हेत. वरच्या कमानीत सुळ्याची जागा रिकामी आहे. त्याच्या शेजारी अर्धवट उगवलेल्या दाताची नुसती कड टेकलीय. दोन ठिकाणी रक्ताचा टिपका आलाय.

"अगंबाई! काय चावलं हे?" हेमांगी जवळ येते.

"मोजपट्टी आणा," नवले म्हणतात. "आणि कॅमेरा. लवकर, हेमांगी. लवकर."

ती धावत जाते. बाहेर शिक्षक मंडळी खुर्च्या सरकवून बसताहेत, कुणीतरी घसा खाकरतंय. म्हाताऱ्या कातडीत खड्डे फार वेळ टिकत नाहीत. कडेचे आधीच भरून यायला लागले आहेत. नवले चष्मा शोधत नाहीत. हात डोळ्यांच्या अगदी जवळ धरतात आणि पापणी न हलवता एकेक दात वाचत राहतात.