मिसेस डिंकलच्या कोठारातली हिरवी पाँटिअ‍ॅक

वेंडेल ऑस्ट्रँडर टपाल वाटायला निघाला की गाडीच्या डाव्या बाजूला स्टिअरिंग आणि उजव्या बाजूला वेंडेल, अशी व्यवस्था असे. डावा पाय ताणून ब्रेक, डावा हात ताणून स्टिअरिंग, आणि उजव्या हाताने रस्त्याकडेच्या पेट्यांमध्ये पत्रं. इंडियानातल्या आमच्या बाजूला खेड्यावरच्या पोस्टमनला गाडी स्वतःचीच वापरावी लागे आणि शरीर गाडीच्या सोयीने वळवावं लागे. सगळी नोकरी असं तिरपं बसून काढल्यामुळे निवृत्त झाल्यावरही तो चर्चच्या बाकावर जरा उजवीकडे झुकूनच बसतो. शेजारच्याला वाटतं, हा आता कानात काहीतरी सांगणार.

सांगत मात्र तो कधीच काही नाही. कोणाच्या पेटीत काय आलं, कोणाच्या अंगणात काय पडलंय, हे ज्याचं त्याच्यापाशी, असा त्याचा नेम. नेम पाळणं सोपं नव्हतं, कारण वेंडेलला जुन्या मसल कारचं वेड होतं. बेताच्या अंगाच्या गाडीत ट्रकला पुरेल एवढं इंजिन घालून अमेरिकेने एके काळी ज्या गाड्या रस्त्यावर सोडल्या, त्यांच्यावर त्याचा जीव. आणि पोस्टमनइतकी उघडी कोठारं कोणाला दिसतात?

एका वसंतात तो मिसेस ओपल डिंकलकडे टपालाने आलेलं कोंबडीच्या जिवंत पिल्लांचं खोकं घेऊन गेला. पिल्लं पेटीत मावत नाहीत, म्हणून दारापर्यंत जावं लागलं. कोठाराचं दार अर्धवट उघडं होतं. आत पोत्यांच्या आडून एक हिरवं नाक बाहेर आलेलं. मधोमध दुभागलेली जाळी, दिवे पापण्यांखाली झाकलेले. एकोणसत्तर सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ, मूळ रंगात, वर बोटभर धूळ. वेंडेल तिथेच थांबला. खोक्यातली पिल्लं ओरडून ओरडून दमली तेव्हा तो भानावर आला.

त्यानंतर कित्येक वर्षं त्याने हे पोटात ठेवलं. फक्त एकदा, डायनरमध्ये नाश्ता करताना, त्याच्या तोंडून निसटलं की या काउंटीत एक अस्सल जीटीओ आहे, कोणीही हात न लावलेली. कुठे, ते त्याने सांगितलं नाही. झालं. खताच्या दुकानाचा मालक व्हर्जिल फायफर याला जन्मभराचा विषय मिळाला.

"काय वेंडेल, तुझी जीटीओ काय म्हणते? रात्री स्वप्नात आली होती का?"

"आहे ती."

"आहे रे, आहे. माझ्या तळ्यातसुद्धा देवमासा आहे. पण तो माझ्या नेमात बसत नाही म्हणून दाखवत नाही."

सगळे हसत. वेंडेल आपल्या मऊ, पावासारख्या बिस्किटांवरची ग्रेव्ही शांतपणे पसरत राही. पण घरी जाताना ते हसू त्याच्याबरोबर गाडीत बसून येई. खोटं बोलणारा म्हणून त्याला आयुष्यात दुसऱ्या कशावरूनही कोणी हसलं नव्हतं.

अशात टीव्हीवाल्यांनी जाहीर आवाहन केलं. अस्सल, न रंगवलेल्या, न दुरुस्त केलेल्या मसल कार शोधून दाखवणारा त्यांचा कार्यक्रम होता. साध्या मॉडेलला महागड्या मॉडेलचे बिल्ले चिकटवून फसवणारे बहाद्दर त्यांना इतके भेटले होते, की दिग्दर्शिका रोझलिन टेट फोनवर पहिल्यांदा नमस्कारसुद्धा संशयानेच करायची.

गाडी कोणाची ते न सांगता वेंडेलने चौकशीचा फोन केला. "मिस्टर ऑस्ट्रँडर, दोन गोष्टी," ती म्हणाली. "काचेखालच्या पट्टीवरचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर जुळायला हवा. आणि गाडी जशी सापडली तशीच हवी. धुळीसकट. हात लागलेला असेल तर आम्ही येऊन परत जाऊ. इलिनॉयमध्ये दुसरी एक आहे."

वेंडेल आधी मिसेस डिंकलकडे गेला. मालकिणीच्या परवानगीशिवाय तो आणखी एक अक्षर बोलणार नव्हता. तिने त्याला पर्सिमनच्या फळांचं पुडिंग दिलं, समोर बसली आणि सगळं ऐकून घेतलं.

"टीव्हीवर? माझं कोठार?"

"कोठार नाही हो, गाडी. तुमच्या यजमानांची ही गाडी..."

"यजमानांची? हॅरल्ड ट्रॅक्टर चालवायचा. तोही हळू. ही माझी गाडी आहे, वेंडेल. टोमॅटोच्या कारखान्यात डबे भरून घेतलेली. लग्नाच्या आधी. रविवारी चर्चला जाताना पाळकाला मागे टाकायचे मी."

"मग ठेवून का दिलीत?"

"गुडघा. क्लच दाबताना देव आठवायचा. विकायची तर विकत घेणारे सगळे आगाऊ." तिने त्याच्या बशीत आणखी पुडिंग वाढलं. "येऊ देत त्यांना. पण त्या हेझलला आणि चर्चच्या बाकीच्या बायकांनाही बोलावणार मी. त्यांनाही कळू दे हिरवी गाडी कोणाची होती ते."

"बोलवा की. फक्त एक करा, गाडीला हात लावू नका. जशी आहे तशी राहू दे."

"मी कशाला हात लावू? मला इंजिनातलं काय कळतं?"

वेंडेलचं समाधान झालं. ते व्हायला नको होतं. इंडियानाच्या खेड्यात पाहुणे येणार म्हटल्यावर बाईमाणूस काय करतं, हे इतकी वर्षं दारोदार फिरलेल्या पोस्टमनला ठाऊक असायला हवं होतं.

चित्रीकरणाच्या दिवशी अंगणात टीव्हीच्या गाड्या लागल्या. चर्चच्या बायका ॲपल पाय आणि कॅसरोल घेऊन आल्या. व्हर्जिलही आला, देवमासा बघायला आलोय, असं त्याने प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. वेंडेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मिसेस डिंकलने कोठाराचं दार लोटलं.

आत गाडी चमकत होती.

हिरवा रंग आरशासारखा झाला होता. टायर बसलेले होते, पण काळेभोर. चाकांच्या वाट्यांमध्ये बायकांची तोंडं दिसत होती. पुढच्या सीटवर मिसेस डिंकलने स्वतः विणलेली पांढरी शाल पसरली होती. वर व्हिनेगरचा वास.

"बाई गं, ओपल," हेझल म्हणाली. "अख्खी गाडी धुतलीस?"

"अख्खी," मिसेस डिंकल म्हणाली आणि ॲप्रन सारखा केला.

रोझलिन टेटने हातातली वही मिटली. वेंडेलचा चेहरा पोस्टाच्या लिफाफ्यासारखा पांढरा पडला.

"मिसेस डिंकल, मी म्हटलं होतं ना, हात लावू नका म्हणून?"

"इंजिनाला नाहीच लावलाय. विचार हवं तर. पण लोक घरी येणार आणि मी त्यांना धूळ दाखवू? अख्ख्या देशाला?"

इंजिनाला खरंच तिने हात लावला नव्हता. बॉनेट उघडलं तर हवा गाळायच्या डब्यात उंदराचं घरटं निघालं. हे उंदीर शेजारच्या शेतातले आहेत, असं मिसेस डिंकलने ताबडतोब सगळ्यांना सांगितलं. कार्यक्रमाचा जाणकार टॉर्च घेऊन आत वाकला, मग काचेशी आला, मग पुन्हा वाकला. नंबर जुळला. अस्सल. वेंडेलने व्हर्जिलकडे पाहिलं. व्हर्जिलचं तोंड ॲपल पायने भरलेलं असल्यामुळे त्याला बोलता आलं नाही.

"गाडी खरी आहे," रोझलिन म्हणाली. "पण माझा कार्यक्रम धुळीचा आहे, मिस्टर ऑस्ट्रँडर. चकचकीत गाड्या तर कोणीही दाखवतं." मग तिने आवाज खाली आणला. "आमच्याकडे पावडर असते. नाटकांसाठी वापरतात ती. अर्ध्या तासात चाळीस वर्षं चढवून देतो. तुम्ही फक्त कॅमेऱ्यापुढे म्हणायचं, मला अशीच सापडली."

वेंडेलला व्हर्जिलचं सगळं हसू एकदम ऐकू आलं. तो एवढं बोलला की झालं. देश बघणार, डायनर बघणार.

"नाही जमणार," तो म्हणाला. "मला ती धुळीतच सापडली होती. पण तुमची पावडर म्हणजे ती धूळ नव्हे. इतकी वर्षं मी खरं बोलतोय तरी लोकांनी हसून घेतलं, आता खोटं बोलून खरा ठरू?"

"आणि माझ्या धुतलेल्या गाडीवर पावडर?" मिसेस डिंकल म्हणाली. "त्यापेक्षा मला झाडूने हाणा."

रोझलिनने मान हलवली आणि माणसांना सामान आवरायला सांगितलं. वेंडेल कोठाराच्या उंबऱ्यावर बसला. उजवीकडे झुकून. त्याच्या शेजारी कोणी नव्हतं.

मिसेस डिंकलने त्याच्याकडे पाहिलं. मग बायकांकडे. मग गाडीकडे. ॲप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. शेवटी म्हणाली, "हेझल, तू जरा स्वयंपाकघरात जाऊन कॉफी बघतेस का?"

"आत्ताच बघून आले की. आहे भरपूर."

"मग ऐक. तुला ऐकायचंच आहे तर." तिने खोल श्वास घेतला. "वेंडेल, ही भिंतीकडची बाजू आहे ना, ती मी धुतलेली नाही."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. गाडी उजव्या अंगाने भिंतीला लागून उभी होती. मधल्या फटीत रिकाम्या बरण्यांची खोकी अशी नेटकी रचली होती, की पलीकडचं कोणाला दिसूच नये. वेंडेलला आता कळलं, गाडी जागची हलवायची नाही असं ती सकाळपासून का बजावत होती.

"गुडघे वाकेनात," ती म्हणाली. "आणि तिकडे कोण बघणार म्हणून..." मिसेस डिंकलने आयुष्यात कोणाकडे नवऱ्याची तक्रार केली नव्हती, आजाराची केली नव्हती. अर्धवट सफाईची कबुली चर्चच्या बायकांसमोर देताना मात्र तिचे कान लाल झाले.

पहिल्यांदा हेझलच बोलली. "ओपल, माझ्या माडीच्या खिडक्या मी ईस्टरपासून आतूनच पुसतेय."

"मी फ्रिज ओढतच नाही," मागून कोणीतरी म्हणालं. आणि मग एकेकीच्या घरातले कोपरे असे भराभर बाहेर यायला लागले की पाळक हजर नसल्याचं सगळ्यांना बरं वाटलं.

बरण्या हलवल्या. टीव्हीच्या माणसांनी चाकांखाली गाडे सरकवले आणि जीटीओ ढकलत अंगणात आणली. एका अंगाने हिरवीगार, झगमगीत. दुसऱ्या अंगाने राखाडी, धुळीचा जाड थर, मडगार्डवर मांजराच्या पावलांची रांग, दाराच्या मुठीत कोळ्याचं जाळं. बॉनेटच्या भिंतीकडच्या कडेला रेघ, जिथवर मिसेस डिंकलचा हात पोचला होता तिथवर.

रोझलिन टेट गाडीभोवती एक फेरी मारून आली. मग दुसरी.

"कोणीही," ती हळूच म्हणाली, "कोणीही तिला हात लावू नका." आणि कॅमेरावाल्याला तिने असं ओढलं की त्याच्या हातातला ॲपल पायचा तुकडा गवतात पडला.

व्हर्जिल धुळीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "लेका वेंडेल, खरंच होती की रे."

"होती," वेंडेल म्हणाला.

कॅमेरा चालू झाला. रोझलिनने विचारलं, "मिस्टर ऑस्ट्रँडर, ही गाडी तुम्हाला अशीच सापडली?"

"या बाजूने बघाल तर अशीच," वेंडेल म्हणाला. "त्या बाजूला मिसेस डिंकलकडे पाहुणे येणार होते."

संध्याकाळी टीव्हीवाले वायरी गुंडाळत असताना मिसेस डिंकल मागच्या दाराने बाहेर आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात दोन फडकी.

"झालं ना यांचं? वेंडेल, खालचं तू घे. माझे गुडघे वाकत नाहीत."

वेंडेलने त्या धुळीकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग गाडी कोणाची, याचा विचार केला आणि बाह्या वर सारल्या.