बाबांसाठी घेतलेली गाडी
उन्हात तापलेल्या जुन्या सीटचा वास आला की मला आमची ती लांबडी गाडी आठवते. अमरावतीहून अकोल्याला रोजच्या अपडाउनसाठी मी ती घेतली होती. दोन लाखांवर किलोमीटर धावलेली, पण साहेबी थाटाची, मागची सीट पाडली की डिकीपर्यंत सपाट होणारी. खरं सांगायचं तर ऑफिसातल्या लोकांनी वळून पाहावं म्हणूनच घेतली होती. कंबरेच्या दुखण्यामुळं बाबांना बसवत नसे, त्यामुळं बार्शीटाकळीला आपल्या बहिणीकडे, माझ्या आत्याकडे जाणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. एका सकाळी त्यांनी खाटेवरूनच विचारलं, “तुह्या गाडीत मले लेटता येईन का रे?” मी मागे गादी अंथरली. वाटभर ते उताणे पडून काचेतून मागे पळणाऱ्या निंबाच्या फांद्या पाहत होते. आत्या दारातूनच ओरडली, “काहून गा भाऊ, मुर्दागाडीत आला का?” “जित्ता हाओ मी अजून!” बाबा हसले आणि गादीवर थाप मारून म्हणाले, “पोरानं माह्यासाठीच घेतली हे. मले लेटून तुह्याकडं येता यावं म्हनून.” आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी बाबांना हात देऊन खाली उतरवलं. पुढं बाबा गेले, गाडीही मोडीत निघाली, आत्या मात्र अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगते. दरवेळी खरं ओठांवर येतं. पण आता ते सांगितलं, तर खोटे बाबा ठरतील.